साहेबाच्या गावची नगरपालिका : वाचक विचारतात

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या बरो कौन्सिलच्या (म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या) निवडणुकांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सअपचा नुसता पाऊस पडला. साहजिक आहे म्हणा, आपल्याकडे आता आळीत एक तरी घर असतंच ज्यातलं कोणीतरी हॅरोला, स्लाउला नाही तर क्रॉयडनला आहे, आणि तिकडचा निकाल लागला की फोटो इकडे फॅमिली ग्रुपवर येतो आणि कोणालाच काही कळत नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले बरे प्रश्न घेतलेत.

मालवणहून एक काका लिहितात : ताईनू, माजा चेडू हॅरोक रवता. तेना तेच्या वॉर्डाच्या निकालाचो कागद व्हॉट्सअपार धाडल्यान. मी बँकेत होतंय म्हणान सवयीन बेरीज केलंय तर उमेदवारांका पडलेली मतां मतदान केलेल्या माणसांच्या अडीचपट! वर एकाच वॉर्डात तीन जण निवडून इले. ह्यो काय घोळ?

काका, घोळ काही नाही, बेरीज तुमची बरोबर आहे. तिथे बऱ्याच वॉर्डांत दोन किंवा तीन नगरसेवक असतात आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला. म्हणजे तीन जागांच्या वॉर्डात समजा 3,000 माणसं येऊन गेली तर जास्तीत जास्त 9,000 मतं पडू शकतात, पण तिन्ही मतं वापरलीच पाहिजेत असं नाही, कोणी एकच फुली मारून घरी जातो, कोणी दोन, म्हणून बेरीज तिप्पट न येता अडीचपटीच्या आसपास येते. आपल्या नगरपरिषदेत पण प्रभागात दोन जागा असतात पण आपल्या अ आणि ब वेगळ्या, अ ची लढत अ मध्ये आणि ब ची ब मध्ये, त्यात एक महिलांसाठी वगैरे आरक्षण. तिथे अ-ब काही नाही आणि आरक्षणही नाही, ना महिलांचं ना जातीचं. सगळे उमेदवार एकाच लांबलचक कागदावर, सगळ्यात जास्त मतं मिळालेले पहिले तीन आत, बाकीचे घरी.

ह्यात एक गंमत आहे. कागदावर नावं आडनावाच्या एबीसीडीप्रमाणे लागतात, आपल्यासारखे आधी राष्ट्रीय पक्ष मग राज्य पक्ष मग अपक्ष असं नाही. त्यामुळे एकाच पक्षाचे तीन उमेदवार असले तरी ते कागदावर विखुरलेले असतात आणि वरच्याला खालच्यापेक्षा थोडी जास्त मतं पडतात असं तिकडे बऱ्याचदा दिसतं, कारण लोक वरून खाली वाचत येतात आणि कंटाळतात. आपल्याकडे ही पद्धत आली तर आंबेरकर खूश आणि वायंगणकर कोर्टात!

तुमच्या मुलीच्या हॅरोचंच बघा. लोकवस्ती अडीच लाखांच्या वर, म्हणजे आपल्या रत्नागिरी शहराच्या तिप्पट तरी (2011 ला रत्नागिरी पाऊण लाखाच्या आसपास होती). 2021 च्या तिकडच्या जनगणनेत हॅरोत 25.8 टक्के लोकांनी धर्म हिंदू लिहिला, अख्ख्या इंग्लंडात कुठल्याच कौन्सिलच्या हद्दीत इतके नाहीत. 5 मे 2022 ला तिथे 55 जागांची निवडणूक झाली, कंझर्व्हेटिव्ह पक्ष 31, लेबर पक्ष 24, म्हणजे लेबरची सत्ता गेली. आणि हे कधी, तर ज्या निवडणुकीत त्याच लेबरने लंडनमध्येच वेस्टमिन्स्टर, वॉन्ड्सवर्थ आणि बार्नेट जिंकलं. वेस्टमिन्स्टर आणि बार्नेटमध्ये त्यांना आधी कधीच बहुमत मिळालं नव्हतं आणि वॉन्ड्सवर्थ 1978 पासून त्यांच्या हातात नव्हतं. तेव्हा पेपरात "लंडनमध्ये लेबरची लाट" असं वाचलं आणि मुलीला फोन करून अभिनंदन केलं तर ती म्हणेल बाबा आमच्याकडे उलटं झालंय. लाट वगैरे टीव्हीवर असते, वॉर्डात तीन माणसं असतात.

अजून एक, ह्या पद्धतीत जिंकणारा कधी कधी सगळंच घेऊन जातो. लुइशम बरोत 2022 ला 54 पैकी 54 लेबर, बार्किंग अँड डॅगनममध्ये 51 पैकी 51. ग्रीन पक्षाला लुइशममध्ये मतं चांगली पडली, जागा शून्य. विरोधी बाकावर बसायला माणूसच नाही! मला हे काही पटत नाही, सभागृहात एक तरी खोडसाळ प्रश्न विचारणारा पाहिजेच.

रत्नागिरीहून निवृत्त शिक्षक : एवढा पुढारलेला देश आणि अजून कागदावर पेन्सिलने फुल्या? पेन्सिल खोडता येत नाही का? बोटाला शाई नाही म्हणे. मग एकच माणूस दहा वेळा जाईल त्याचं काय?

गुरुजी, पेन्सिल खरीच, आणि ती दोऱ्याने बूथला बांधलेली असते (का ते आपल्या बँकेतलं पेन आठवा). स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. खोडायची भीती लोकांना तिकडेही वाटते, दर निवडणुकीत कोणीतरी ओरडतंच, पण पेटी सील होते आणि उघडताना उमेदवारांची माणसं समोर उभी असतात, एवढ्या सगळ्यांदेखत रबर घेऊन कोण बसणार.

मोजणी बघण्यासारखी असते. बहुतेक वेळा एखाद्या बॅडमिंटन हॉलमध्ये टेबलं मांडून. आधी फक्त कागद मोजतात, किती वाटले आणि पेटीत किती आले ह्याचा मेळ. मग ज्यांनी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला मारल्यात ते गठ्ठे वेगळे, ते पटकन होतात. खरा वेळ जातो तो मिसळ कागदांना, एक फुली ह्याला एक त्याला, ते एकेक वाचून तक्त्यावर रेघा ओढत बसावं लागतं. फुलीऐवजी बरोबरची खूण केली असेल, एखाद्याच्या नावासमोर हसरा चेहरा काढला असेल, तर मतदाराला काय म्हणायचंय ते स्पष्ट आहे का हे निवडणूक अधिकारी सगळ्यांना दाखवून ठरवतो. नोटा नाही तिकडे. राग आला तर लोक कागदावर चार शब्द लिहून पेटीत टाकतात आणि ते बाद मतांत धरलं जातं.

शाई नाही हे खरं. नाव यादीत खोडलं की संपलं, एवढाच भरवसा होता इतकी वर्षं. 2023 च्या मेपासून मात्र इंग्लंडातल्या स्थानिक निवडणुकीत फोटोवालं ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि त्यावर तिकडे बरीच बोंबाबोंब झाली कारण म्हाताऱ्यांचा बसपास चालतो आणि कॉलेजच्या पोरांचा चालत नाही. हे म्हणजे कोणाची मतं कोणाला जातात ते बघून नियम केल्यासारखं वाटतं, निदान पोरांना तरी तसं वाटलं.

दापोलीहून एक आई : मुलगा बर्मिंगहॅमला वर्क व्हिसावर आहे. पासपोर्ट भारताचाच. त्याला कौन्सिलकडून मतदानाचं कार्ड आलंय. मी म्हटलं फाडून टाक, उगाच लफडं नको, उद्या व्हिसा अडकला तर? बरोबर केलं ना?

नाही ताई, फाडू नका म्हणावं! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे आणि कॉमनवेल्थच्या देशाचा नागरिक कायदेशीर व्हिसावर तिथे राहत असेल तर त्याला मतदार म्हणून नाव घालता येतं, आणि नुसतं कौन्सिललाच नाही तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. विद्यार्थी व्हिसावाल्यांनाही. हे आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं, अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकून सगळीकडे तसंच असेल असं धरून चालतात.

मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जातं, ती वेगळी गोष्ट. मतदानाला जाताना आपला भारतीय पासपोर्ट न्यायचा, तो चालतो, तारीख उलटून गेलेली असली तरी फोटोतला माणूस ओळखू येत असेल तर चालतो. आधार कार्ड चालत नाही, उगाच नेऊ नका. कौन्सिलकडून आलेलं मतदानाचं कार्ड विसरला तरी अडत नाही, ते फक्त माहितीसाठी असतं. आणि नाव यादीत असण्याचा एक व्यवहारी फायदा म्हणजे बँका कर्ज देताना, मोबाइल कंपन्या कनेक्शन देताना पत्ता त्याच यादीत तपासतात. नाव नोंदवायला सांगणाऱ्या कौन्सिलच्या पत्रांना उत्तरच दिलं नाही तर 80 पौंड दंड होऊ शकतो तो वेगळाच.

सकाळी 7 ते रात्री 10 मतदान असतं, वार गुरुवार आणि सुट्टी नसते. ऑफिसातून येताना जाऊन ये म्हणावं. केंद्राबाहेर रंगीत बिल्ला लावलेली माणसं कार्डावरचा नंबर विचारतील, ती सरकारी नसतात, पक्षाची असतात, आपले कोण कोण येऊन गेले आणि कोणाला अजून फोन करायचाय हे बघायला बसलेली. नाही सांगितलं तरी चालतं.

चिपळूणहून एक वाचक : माझा मेव्हणा स्लाउला असतो. तिकडे म्हणे कोणाचीच सत्ता आली नाही. मग नगरसेवकांना गोव्याला कोण नेतं?

हा प्रश्न वाचून संपादक अजून हसतायत. 2023 च्या मेमध्ये स्लाउच्या 42 जागांचा निकाल असा लागला की कंझर्व्हेटिव्ह 21, लेबर 18, लिबरल डेमोक्रॅट 3. बहुमत 22 ला. म्हणजे एकाने हुकलं! आपल्याकडे त्या रात्री तीन लिबडेमच्या घरासमोर इनोव्हा उभ्या राहिल्या असत्या आणि सकाळी फोन स्विच ऑफ. तिथे असं झालं की कंझर्व्हेटिव्हांनी अल्पमतात कौन्सिल चालवायला घेतली आणि लिबडेमने त्यांना आधार दिला. चर्चा झाल्या, देवाणघेवाण झाली असेलच, पण ती बंद खोलीतल्या बैठकीत, रिसॉर्टवर नाही.

तरीही तिकडचे सगळे साधू असं समजू नका. आपल्याकडे नगरसेवकाने पक्ष सोडला तर त्याला अपात्र ठरवायला 1986 चा कायदा तरी आहे, तो कसा वाकवतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण आहे. इंग्लंडात तोही नाही. लेबरचा लाल बिल्ला लावून निवडून आलेला नगरसेवक दुसऱ्या महिन्यात कंझर्व्हेटिव्हांच्या निळ्या बाकावर जाऊन बसला तरी जागा त्याचीच, राजीनाम्याची सक्ती नाही. तेव्हा निकालाच्या दिवशीचा आकडा चार वर्षं तसाच राहील असं धरू नये, पोटनिवडणुका आणि उड्या मिळून तो हलत असतो.

मग उड्या तुलनेने शांतपणे का पडतात? माझं मत विचाराल तर पैसा कमी म्हणून. नगरसेवकाला पगार नाही, भत्ता मिळतो, बरेच जण नोकरी सांभाळून करतात. उमेदवारी अर्जाला डिपॉझिट नाही, वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, खर्चाची मर्यादा इतकी तोकडी की पत्रकं छापून वाटली की संपली. टेंडर असतातच, पण त्यावर सही अधिकाऱ्यांची. गोव्याची ट्रिप परवडणार कशी?

देवगडहून : मेयर आणि लीडर ह्यात मोठा कोण? फोटोत सोन्याची साखळी घातलेला दिसतो तो?

साखळीवाला बहुतेक ठिकाणी शोभेचा. वर्षभरासाठी असतो, सभा चालवतो, शाळेत बक्षीस वाटतो. कारभार लीडरचा, ज्याच्यामागे सभागृहात बहुमत तो. पण काही ठिकाणी मेयर थेट जनतेतून निवडतात, आपल्या थेट नगराध्यक्षासारखा, आणि तिथे आपल्यासारखीच मजा होते. 1 मे 2025 ला डॉनकास्टरमध्ये लेबरच्या रॉस जोन्स मेयर म्हणून पुन्हा निवडून आल्या, फक्त 698 मतांनी, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी सभागृहात 55 पैकी 37 जागा रिफॉर्म यूके ह्या पक्षाला दिल्या. मेयरचं बजेट बदलायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. 55 ची दोन तृतीयांश म्हणजे 37. बरोबर 37! एक माणूस फुटला तर मेयर वाचल्या, सगळे एक राहिले तर बजेट फिरलं. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं म्हणजे काय होतं हे ज्यांनी आपल्याकडच्या नगरपालिकेत पाच वर्षं भोगलंय त्यांना ह्याहून जास्त सांगायला नको.

गुहागरहून एक ताई : पण निवडून आल्यावर करतात काय हे लोक? तिकडे तर सगळं चकाचकच असतं ना.

कोण म्हणालं चकाचक? खड्डे तिकडेही निवडणुकीचा मुद्दा असतो, कचऱ्याचा डबा आठवड्याने उचलायचा की पंधरवड्याने ह्यावर वॉर्ड पडतात. पण पैसा मुख्यतः जातो तो म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या देखभालीवर आणि ज्या मुलांना आईबाप सांभाळू शकत नाहीत त्यांच्यावर. तो खर्च कायद्याने करावाच लागतो, मग वाचनालय, बागा, रस्ते ह्यांना उरलंसुरलं.

आणि कर, म्हणजे तिकडची घरपट्टी, मनाला येईल तसा वाढवता येत नाही. मोठ्या कौन्सिलांना वर्षाला 5 टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचा तर जनमत घ्यावं लागतं, म्हणून गंमत बघा, बहुतेक जण नेमका 4.99 टक्के वाढवतात. घराची किंमत कोणती धरतात? 1 एप्रिल 1991 ची! त्यानंतर इंग्लंडात फेरमूल्यांकनच झालेलं नाही, कारण जो करेल तो पडेल. घरपट्टीची फेरआकारणी निघाली की आपल्याकडे मोर्चा निघतो, तिकडे सरकारांनी मोर्चाची वेळच येऊ दिली नाही.

क्रॉयडनचं उदाहरण देते. 2020 च्या नोव्हेंबरात कौन्सिलने हात वर केले, पैसे संपले. तिकडे त्याला कलम 114 ची नोटीस म्हणतात, अत्यावश्यक सोडून सगळा खर्च बंद. लोक भडकले, 2021 ला जनमत घेऊन थेट मेयरची पद्धत आणली, 2022 ला कंझर्व्हेटिव्ह मेयर निवडला. सभागृहात मात्र लेबर 34, कंझर्व्हेटिव्ह 33, ग्रीन 2, लिबडेम 1, म्हणजे 70 मध्ये बहुमत कोणालाच नाही. आणि 2023 ला त्याच मेयरने सरकारची खास परवानगी घेऊन कर 15 टक्क्यांनी वाढवला. ज्यांनी आधीच्यांना धडा शिकवायला मत दिलं त्यांच्याच घरी बिल आलं. माणूस बदलला, तिजोरी तीच. म्हणून निकालाचा कागद आला की पक्षाच्या नावाआधी त्या कौन्सिलवर कर्ज किती आहे ते बघत जा.

वेंगुर्ल्याहून : एकंदरीत तिकडची लोकशाही आपल्यापेक्षा शंभर पटीने बरी, मान्य करा.

नाही करत. स्थानिक निवडणुकीला तिकडे शंभरातली तीस-पस्तीस माणसं बाहेर पडतात, चाळीस झाली तर बातमी. आपल्याकडे नगरपालिकेला म्हातारीला खुर्चीत बसवून उचलून आणतात. मुंबईतून रातोरात गाड्या भरून चाकरमानी मतदानाला येतात, कोण आणतं ते सोडा, येतात ना.

हेवा वाटायचा तर एकाच गोष्टीचा, तारखेचा. मे महिन्याचा पहिला गुरुवार. कायद्यातच लिहिलंय. लंडनच्या सगळ्या बरोंची दर चार वर्षांनी, 2014, 2018, 2022, 2026. पोस्टरं कधी छापायची हे उमेदवाराला चार वर्षं आधी माहीत. आणि आपण? रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडी, तुमचं वेंगुर्ला, 2016 नंतर मतदान झालं ते एकदम 2025 च्या डिसेंबरात. मधली साधारण चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, हे कारण ते कारण, खरी कारणं होती त्यातली काही, पण गटार तुंबलं की सांगायचं कोणाला? नगरसेवक माजी, साहेब मीटिंगमध्ये. पोरगं शाळेत गेलं आणि हायस्कुलात पोचलं तेवढ्यात पालिकेत निवडून आलेला माणूस बसला नाही, आणि आपण काय केलं, कट्ट्यावर बसून चर्चा.

तिकडेही तारीख कधीच हलत नाही असं नाही हां. 2020 ची कोविडने एक वर्ष पुढे गेली, आणि 2025 ला थरॉकसह 9 कौन्सिलांच्या निवडणुका कौन्सिलांची नव्याने मांडणी करायची म्हणून वर्षभर पुढे ढकलल्या. त्यावर केवढा गदारोळ झाला! एका वर्षासाठी. ते वाचताना मला हसावं की रडावं कळेना.

सावंतवाडीहून शेवटचा, छोटा : दोघांना सारखीच मतं पडली तर?

पुन्हा मोजतात, तरी सारखीच आली तर नशीब. 2017 ला नॉर्दम्बरलँड काउंटीत साउथ ब्लाइथच्या जागेवर असंच झालं. अधिकाऱ्याने काड्या धरल्या, लांब काडी लिबडेमच्या हाती लागली आणि कंझर्व्हेटिव्हांचं अख्ख्या कौन्सिलमधलं बहुमत त्या एका काडीने गेलं, 67 मध्ये 33 वर अडकले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या 220 नंबर वॉर्डात शिवसेना आणि भाजप सारख्या मतांवर आले होते, आपण चिठ्ठी काढली, भाजपचे अतुल शाह निवडून आले.